उन्हाचे पीक आणि लेकीचा वाटा

गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आम्ही दरवर्षीप्रमाणे गेलो होतो. मिस्सा आटोपली, मेणबत्त्या लावून झाल्या आणि सिन्नरच्या बसची चौकशी करीत आम्ही उभे असताना गर्दीतून वाट काढीत एक बाई समोर आल्या. बरोबर विशी उलटलेली मुलगी. मुलीच्या हाती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाईल. "सर, ओळखलं का?" बाईंनी विचारले. आम्ही ओळखले नव्हते. परंतु ओळखल्यासारखे हसलो. शिक्षकी पेशात ही लबाडी अंगवळणी पडते.

फाईलमध्ये मुलीचे वीजतंत्री अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र होते. गुण उत्तम होते. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील एका माळावर सौर वीजप्रकल्प उभा राहिला होता आणि तेथे तिने तंत्रज्ञाच्या जागेसाठी अर्ज केला होता. दोन महिने उत्तर नव्हते. तेथील पर्यवेक्षक आमचा एकेकाळचा विद्यार्थी. म्हणून आम्ही शब्द टाकावा, एवढीच विनंती. आम्ही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री शाखेचे निदेशक म्हणून हयात काढली. आमच्या हाताखालून गेलेली मुले आज वीजमंडळापासून मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यांपर्यंत सर्वत्र आहेत. शब्द टाकणे आम्हांस अवघड नव्हते. आम्ही होकार दिला.

सिन्नरला सूर्य नवा नाही. यादवकाळातील गोंदेश्वराचे मंदिर पंचायतन पद्धतीचे आहे आणि मुख्य शिवमंदिराभोवतीच्या चार लहान मंदिरांपैकी एक सूर्याचे आहे. परंतु आमच्या तालुक्यातील सामान्य माणसाचे सूर्याशी नाते भक्तीचे कमी आणि धास्तीचे अधिक. सह्याद्री पाऊस अडवून ठेवतो आणि पूर्वेकडील वावी, शहा, पांगरी या पट्ट्याच्या वाट्याला उरते ते ऊन. विहिरी मार्गशीर्षात तळ दाखवतात. पाण्याअभावी जे उद्योग येथे रुजले त्यांत विडीचा उद्योग सर्वांत जुन्यांपैकी एक. नाशिकच्या वाणिज्य महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते भिकुसा यामासा क्षत्रिय हे सिन्नरचेच विडी-कारखानदार. त्या उद्योगाचा खरा डोलारा मात्र उभा राहिला तो घराघरांतील स्त्रियांच्या बोटांवर. पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, तोंड मुडपायचे. आणि हजाराचा हिशेब पुरा झाला की सूप डोक्यावर घेऊन माल द्यायला जायचे. तेथे काही विड्या छाट म्हणून बाजूला निघत आणि त्यांची मजुरी बुडे. आमच्या लहानपणी गल्लीतील प्रत्येक उंबऱ्यावर हे चित्र होते.

आता त्याच माळांवर काळ्या-निळ्या काचांची शेते दिसू लागली आहेत. पश्चिमेकडे पट्टा किल्ल्याच्या, म्हणजे विश्रामगडाच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. १६७९ साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांनी जेथे विश्रांती घेतली, तेथे आता वारा कामाला लागला आहे. मध्ये, गुळवंचच्या माळावर, १३५० मेगावॅटचा कोळशावरील प्रकल्प उभारला गेला आणि अनेक वर्षे जवळजवळ बंदच राहिला. एकाच तालुक्यात कोळसा, वारा आणि ऊन अशी तिन्ही युगे डोळ्यांना दिसावीत, ही सिन्नरची शोकांतिका म्हणावी की भाग्य, हे ठरविणे कठीण आहे.

ठरल्याप्रमाणे आम्ही मायलेकींसह प्रकल्पावर गेलो. विद्यार्थ्याने वाकून नमस्कार केला, चहा मागवला, सर्व काही फिरून दाखविले. पॅनेलच्या रांगा, त्यांतील वीज एकत्र करणाऱ्या पेट्या, एकदिश वीजप्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे इन्व्हर्टर, रोहित्र आणि पलीकडे महावितरणच्या उपकेंद्राकडे जाणारी वाहिनी. मुलगी मागून चालत होती. एका ठिकाणी तिने विचारले, "दिवसा मेन स्विच बंद केला तरी प्लेटांमधला दाब राहतोच ना, मग दुरुस्ती करताना काय करता?" प्रश्न नेमका होता. ऊन असेपर्यंत पॅनेल वीज निर्माण करणारच. म्हणूनच सौर प्रकल्पातील दुरुस्ती ही घरातील वायरिंगपेक्षा वेगळी आणि अधिक सावधगिरीची. आमच्या विद्यार्थ्याने तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे पाहून दिले.

रांगांच्या टोकाशी आठ-दहा स्त्रिया लांब दांड्याच्या ब्रशांनी पॅनेल धूत होत्या. धुळीची पुटे चढली की वीज कमी होते, म्हणून धुणे आवश्यक; काच तापलेली असताना गार पाणी मारू नये, म्हणून ते सकाळी लवकर उरकायचे. या स्त्रिया शेजारच्याच गावातील होत्या, रोजंदारीवर. खुर्चीवर बसून संगणकाच्या पडद्याकडे पाहणारा, पेट्या तपासणारा, मोजमापे घेणारा प्रत्येकजण पुरुष होता.

शेवटी विषय निघाला. विद्यार्थी संकोचला. म्हणाला, "सर, तुमचा शब्द मोडवत नाही. मुलीला धुण्याच्या गटात लगेच घेतो, वाटलं तर त्यांची मुकादम करतो. पण तंत्रज्ञ म्हणून नको. इथं बायकांसाठी संडास नाही. बिघाड झाला तर रात्री-अपरात्री थांबावं लागतं. उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यावर. आणि सर, हे तर तुम्हीच आम्हाला सांगायचात."

हे शेवटचे वाक्य त्याने टोमणा म्हणून उच्चारले नव्हते. तो खरोखरच आमचा आज्ञाधारक विद्यार्थी होता.

परतीच्या जीपमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही मला ओळखलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी अठ्ठ्याण्णव साली दहावी झाले. तारतंत्रीचा फॉर्म घेऊन तुमच्याकडे आले होते. तुम्ही म्हणालात, बाळ, खांबावर चढणं मुलींचं काम नाही, तू शिवणकाम घे. मी घेतलं. दोन वर्षं मशीन चालवलं. मग तयार कपडे आले, गिऱ्हाईक गेलं. सूप घेतलं मांडीवर. तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही सर. तुम्ही माझ्या भल्यासाठीच बोललात. पण पोरीला शिकवलं ते तुमचं वाक्य मनात ठेवूनच. आता पुसायलाच लावायचं होतं, तर फी कशाला भरली?"

वाचकहो, पस्तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही किती मुलींना असे माघारी धाडले, याची आमच्यापाशी नोंद नाही. आम्ही कोणाचा अपमान केला नाही. कोणाचा अर्ज फाडला नाही. नियमाने मुलींसाठी जागा राखीव असत. त्या रिकाम्या राहिल्या की आम्ही 'उमेदवार उपलब्ध नाहीत' असे लिहून सही करीत असू. उमेदवार उपलब्ध का नाहीत, याचे उत्तर आमच्याच खोलीच्या दारात उभे असे, आणि ते वडीलकीच्या मायेने बोलत असे.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. पुढील काही दिवस आम्ही या विषयावर जे हाती लागेल ते वाचीत राहिलो. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगभर अक्षय ऊर्जेच्या क्षेत्रातील नोकरदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण ३२ टक्के होते. तेल आणि वायूच्या जुन्या धंद्यात ते २२ टक्के. म्हणजे नवी ऊर्जा जुनीपेक्षा स्त्रियांना थोडी अधिक जागा देते, हे खरे. त्याच संस्थेच्या पुढील अहवालांत पवनऊर्जेत हे प्रमाण २१ टक्के, तर सौर विजेत ४० टक्के आढळले. आकडा दिलासा देणारा वाटतो. परंतु आत डोकावले की सौर क्षेत्रातील कार्यालयीन कामांत स्त्रिया ५८ टक्के आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या कामांत ३२ टक्के, अशी उतरंड दिसते. आपल्या देशातील छतावरील सौर उद्योगाची पाहणी २०१९ साली झाली, तेव्हा स्त्रियांचे प्रमाण सुमारे ११ टक्केच भरले. आणि त्यांतही उभारणी व देखभाल या प्रत्यक्ष हत्यार हाती घेण्याच्या कामांत त्या नाममात्र होत्या. २०२३ साली जगात या क्षेत्रातील रोजगार १ कोटी ६२ लाखांवर गेले, असे सांगतात. एवढे मोठे पीक उभे राहत असताना लेकीचा वाटा कोणता, हा प्रश्न मग केवळ सिन्नरचा राहत नाही.

आमच्या तालुक्यापुरते पाहिले तरी आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू स्तुत्य आहे. रात्री बाराला मोटार चालू करायला जाणारा धनी विंचूकाट्यातून सुखरूप परत येईपर्यंत जागी राहणारी बाई ज्याने पाहिली आहे, तो या योजनेला नावे ठेवणार नाही. या दुसऱ्या टप्प्यात प्रकल्पासाठी खासगी जमीन भाड्याने घेतल्यास हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. कोरडवाहू माळाला एवढे उत्पन्न कोणत्या बाजरीने दिले असते? परंतु सातबारा कोणाच्या नावावर असतो? भाडे त्याच्या खात्यावर जमा होते. त्या माळावर खुरपणीला, सोंगणीला ज्या मजूर स्त्रिया जात, त्यांची रोजी मात्र काचेखाली गेली. त्यांपैकी आठ-दहाजणींना काच धुण्याचे काम मिळाले. इतरांचे काय झाले, हे आम्ही विचारले. कोणी सांगू शकले नाही.

आता आमच्या विद्यार्थ्याने दिलेली कारणे पाहू. संडास नाही: मग बांधावा. कोट्यवधींचा प्रकल्प उभारणाऱ्यांना चार भिंती जड नसाव्यात. रात्रीचे काम: १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीस मज्जाव केला होता, तो त्यांच्या संरक्षणासाठी. महाराष्ट्राने २०१५ साली त्या कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर मुभा दिली. म्हणजे कायद्याने जे दार किलकिले केले ते आपण मनाने लावून घेतले. आणि सूर्य मावळला की सौर पॅनेलही विसावतात. कोळशाच्या भट्टीसारखी त्यांना रात्रपाळी नाही. ज्या वीजधंद्याचा मुख्य कामाचा दिवस शाळेच्या घंटेसारखा सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतो, तो स्त्रियांना गैरसोयीचा कसा? उरला प्रश्न शक्तीचा आणि धैर्याचा. बीड जिल्ह्यातील महावितरणच्या एका महिला तंत्रज्ञाचे खांबावर चढतानाचे चित्रीकरण २०२० साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आम्हीही पाहिले. पाहताना प्रथम कौतुक वाटले, आणि आज त्या कौतुकाचीच लाज वाटते. कारण तेच काम करणाऱ्या पुरुषाचे चित्रीकरण कोणी करीत नाही.

बोटांच्या कौशल्याविषयी तर बोलायलाच नको. दिवसाला हजार विड्या एकाच मापाच्या वळणारी बोटे तारेचा सांधा घट्ट करू शकणार नाहीत, हे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणत होतो? नाजूक कामाला बाई हवी आणि कुशल कामाला पुरुष हवा, असे आपण बोलतो तेव्हा काम तेच असते. बदलते ती मजुरी.

आम्ही ख्रिस्ती म्हणवून घेतो, म्हणून हिशेब येथे संपत नाही. पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ सालच्या परिपत्रकापासून पवित्र सभा श्रमिकांच्या न्यायाविषयी बोलत आली आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, ही शिकवण मांडली. आणि कामाची रचनाच अशी असावी की आपले मातृत्व वा कुटुंब यांची किंमत मोजून स्त्रीला पुढे यावे लागू नये, असेही सुचविले. १९९५ साली स्त्रियांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्यांनी समान कामाला समान वेतन आणि बढतीत न्याय यांचा उघड पुरस्कार केला. त्यानंतर तीनच वर्षांनी एक मुलगी फॉर्म घेऊन आमच्या दारात उभी होती. ते पत्र आम्ही वाचले होते. त्यावर संघाच्या बैठकीत बोललोही होतो!

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचे रडणे आणि गरिबांचे रडणे वेगळे करता येत नाही, हे आपल्या मनावर बिंबविले. व्हॅटिकनमधील सभागृहाच्या छतावर २००८ सालीच सुमारे २४०० सौर पॅनेल बसले होते. २०२४ च्या जूनमध्ये फ्रान्सिस यांनी रोमबाहेरील व्हॅटिकनच्या जागेवर शेती आणि सौर वीज एकत्र नांदेल असा प्रकल्प उभारण्याची आज्ञा दिली. त्या आज्ञापत्राचे नाव 'सूर्यबंधू' अशा अर्थाचे, असिसीकर संत फ्रान्सिसच्या स्तोत्राची आठवण करून देणारे. सूर्य जर आपला भाऊ असेल, तर भावाच्या घरी बहिणीने धुणीभांडीच करावीत काय? २०२५ च्या मार्चमध्ये व्हॅटिकन नगरराज्याच्या कारभाराची सूत्रे प्रथमच एका धर्मभगिनीच्या हाती देण्यात आली. रोमला जे जमले ते सिन्नरच्या माळावर जमू नये, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

उदाहरणांसाठी रोमलाही जाण्याची गरज नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी टाकलेल्या, विधवा झालेल्या, दुष्काळात सापडलेल्या स्त्रियांच्या हाती छापखाना दिला आणि आपले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापून घेतले. शंभर वर्षांपूर्वी ज्या महाराष्ट्रात स्त्रिया यंत्रावर बायबल छापीत होत्या, त्याच महाराष्ट्रात आम्ही त्यांना यंत्रापासून जपत राहिलो. आज वर्धा जिल्ह्यातील कवठा येथे बचतगटांच्या स्त्रियांनी आयआयटी मुंबईच्या तांत्रिक साह्याने सौर पॅनेल बनविण्याचा कारखाना उभारला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात जे काम सुरू झाले त्यातून घडलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने सौर दिवे आणि निर्धूर चुली विकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या ग्रामीण स्त्रिया तयार केल्या. राजस्थानातील तिलोनिया येथे तर फारशा न शिकलेल्या आज्या सौर दिव्यांची जुळणी शिकून आपापल्या देशी परतल्या. तेथे त्यांना कोणी 'बाळ, तू शिवणकाम घे' असे म्हटले नाही, एवढाच काय तो फरक.

असो. लेख लिहून पाप धुतले जात नाही. पापनिवेदनानंतर प्रायश्चित्तही करावे लागते. आम्ही विद्यार्थ्याला पुन्हा भेटलो. आपण पूर्वी जे सांगितले ते चुकीचे होते, एवढे त्याला स्पष्ट सांगितले. तो गोंधळला. वरिष्ठांना विचारतो म्हणाला. अजून उत्तर नाही, आणि येईलच अशी खात्री आम्ही देत नाही. मुलीने महावितरणच्या विद्युत सहायक पदाच्या भरतीकडे डोळे लावले आहेत. दरम्यान आमच्या हाती जे होते ते आम्ही केले. केंद्र शासनाच्या २०२४ सालच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरले आहे. आम्ही आपल्या छतासाठी अर्ज केला आणि ठेकेदाराला एकच अट घातली: जोडणी या मुलीने करावी, आणि तिला तुमच्या मुलांइतकीच मजुरी मिळावी. ठेकेदाराने आधी आढेवेढे घेतले. काम झाल्यावर मात्र तिला पुढील दोन घरांसाठी ठेवून घेतले. कारण त्याने स्वतःच सांगितले. दुपारी घरात बायकाच असतात. अनोळखी मुलांना त्या जिन्यावर थांबवून ठेवतात, हिला सरळ आत घेतात, आणि मीटर कसा वाचायचा, बिल किती येईल, हे सारे हिलाच विचारतात.

ज्या दिवशी आमच्या छतावर काम झाले, त्या दिवशी तिची आईही आली होती. हातातले सूप घरी ठेवून. मुलगी कमरेला पट्टा बांधून, हातमोजे चढवून शिडी चढू लागली, तेव्हा आमच्या तोंडून सवयीने निघून गेले, "बाळ, जपून." मग आम्ही ओठ मिटले आणि शिडी धरली. दुसऱ्या बाजूने तिच्या आईने धरली होती.